केसपेपरवरची वेळ

आजपासून हक्काने ‘डॉक्टर’ म्हणवून घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

राजावाडी, कूपर, जोगेश्वरीचं ट्रॉमा केअर… मुंबईच्या या रुग्णालयांत कॅज्युअल्टीतली रात्रपाळी कशी असते हे तुम्हाला मी सांगायला नको. मी बोलणार आहे तिथल्या कागदाबद्दल.

२०१३ ते २०१५ या काळात शीव आणि केईएम धरून देशातल्या चार मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत जखमी रुग्णांचा एक अभ्यास झाला. अणुशक्तीनगरच्या बीएआरसी रुग्णालयातले तेव्हाचे सर्जन डॉ. नोभोजित रॉय आणि स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतले सहकारी त्यामागे होते. महागडं यंत्र एकही नाही. प्रत्येक ठिकाणी नोंदी घेणारा एक माणूस आणि त्याची आठ तासांची पाळी, कधी सकाळची तर कधी रात्रीची. रुग्ण केव्हा आला, नाडी किती, रक्तदाब किती, श्वास मिनिटाला किती, शुद्ध कितपत. असं करत सोळा हजारांवर रुग्णांची नोंद उभी राहिली.

अशाच नोंदींमधल्या २,५२३ मृत्यूंची छाननी २०१७ साली प्रसिद्ध झाली. छाननीयोग्य ठरलेल्यांपैकी ५८ टक्के मृत्यू टळू शकले असते! श्वासमार्ग वेळेत मोकळा झाला नाही, रक्तस्राव वेळेत आवरला नाही, अशी ती साधी कारणं. आणि हे सगळे रुग्ण रुग्णालयात जिवंत पोहोचलेले होते. आपण मात्र वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या ट्रॅफिकला बोल लावून मोकळे होतो. ट्रॅफिक आहेच, पण ती सबब आपल्या फार सोयीची आहे.

आता तुमचे केसपेपर आठवा. बारा वर्षांचा मुलगा, श्वास वीस. सत्तरीच्या आजी, श्वास वीस. बरगड्या मोडलेला हमाल, त्याचाही वीस! छातीकडे बघत, घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजलेला इंटर्न शोधून दाखवा. (मागच्या रांगेत हसताय, म्हणजे ओळख पटली.) गर्दी असते, हात कमी असतात, मान्य. पण मोठा रक्तस्राव होत असताना रक्तदाब कोसळण्याआधीच श्वास वाढू लागतो, आणि नेमका तोच आपण अंदाजाने लिहितो. वेळेचंही तेच. रुग्ण ट्रॉलीवर आला ती वेळ वेगळी आणि आपल्याला पेन सापडलं ती वेगळी. कागदावर दुसरी उतरते.

कॅज्युअल्टीतल्या या कामाला, म्हणजे आपत्कालीन वैद्यकशास्त्राला, भारतात स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली ती २००९ मध्ये. शाखा तरुण आहे, प्रश्न पडून आहेत. पुढे एमडीच्या प्रबंधाला विषय शोधत माझ्याकडे याल, तर एक आत्ताच देऊन ठेवतो. मुंबईच्या लोकलमार्गावर वर्षाला दोन हजारांवर माणसं जीव गमावतात. घाटकोपरला गाडीतून पडलेल्या माणसाला रुग्णालयात न्यायला स्टेशन मास्तरचा मेमो निघाला, हमालांनी स्ट्रेचर उचललं, राजावाडीच्या दारात तो पोहोचला, पहिला हात लागला. या चारही वेळा एकाच कागदावर आणून दाखवा. मार्गदर्शक मी होतो.