गुन्हा ऐकला, निकाल वाचला का?



पत्रिकेवर माझा विषय ‘गुन्ह्यांचे पॉडकास्ट आणि आपण’ असा छापलाय. खून-दरोडे ऐकायला मिळणार म्हणून आज मागच्या रांगाही भरल्या आहेत. (हशा) पहाटे कानात इअरफोन घालून खुनाच्या गोष्टी ऐकत फिरायला जाणारे इथे बरेच असतील. चंद्रपुरात हे जरा जपून करा. आपल्याकडे खरा धोका वीज केंद्राकडच्या झुडपात बसलेला असतो. (हशा)

पॉडकास्टचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. २०१४ साली अमेरिकेत ‘सीरियल’ आलं, बाल्टिमोरच्या एका शाळकरी मुलीच्या १९९९ सालच्या खुनावर, आणि लाखो लोक घरबसल्या गुप्तहेर झाले. आपल्याकडे हे काम ‘पोलीस टाइम्स’ने एसटी स्टँडवर फार आधी करून ठेवलं होतं. जोशी-अभ्यंकर खटला सांगत बसत नाही, तो तुम्हाला पाठ आहे. मला सांगायचंय ते एवढंच, आणि मित्र त्याला माझं खूळ म्हणतात: ज्याने गुन्ह्याची गोष्ट कान देऊन ऐकली, त्याने त्या खटल्याचं निकालपत्र वाचलंच पाहिजे. आरोपी सापडला की गोष्ट संपते. न्यायालयाने कोणाचा शब्द खरा धरला आणि का, ते निकालपत्रात असतं.

ऐकणाऱ्याला कमी लेखणारा मी नाही. मी झाडीपट्टीची नाटकं पाहत वाढलो. धान घरात आलं की गावोगाव मंडप पडतात आणि रात्रभर नाटक चालतं. वडशाला तर नाटक कंपन्यांची कार्यालयंच आहेत. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीसाठी. खलनायक आला की पुढे बसलेली म्हातारी त्याला तोंडावर शिव्या घालते, नायिकेला ओरडून सांगते, “ओ बाई, जाऊ नोको त्याच्या मांगं!” (हशा, टाळ्या) पहाटे लहान पोरं चटईवर झोपलेली असतात, पण मोठं माणूस एकही उठत नाही. आणि दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर सगळ्या नाटकाचा न्यायनिवाडा होतो, त्यात लेखकही सुटत नाही... चिठ्ठी आली आहे. ‘विषयावर या.’ (हशा) साहेब, विषयावरच आहे. वडशालाच उभा आहे.

२६ मार्च १९७२. देसाईगंज, म्हणजे वडसा, तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं. गडचिरोली वेगळा झाला १९८२ साली. मजुरी करणाऱ्या एका अनाथ आदिवासी मुलीला भावाच्या तक्रारीवरून रात्री पोलीस ठाण्यात आणलं. जबान्या झाल्या. बाकीच्यांना जायला सांगितलं, तिला थांबवून घेतलं. मग दिवे गेले, दार आतून बंद झालं. बाहेर थांबलेल्या बाईने आरडाओरडा केला, लोक जमले, ठाणं जाळू म्हणाले. तेव्हा कुठे तिची तक्रार लिहून घेतली गेली. या गुन्ह्याचे पहिले श्रोते ते. त्यांच्यातलं कोणी पुढच्या भागाची वाट पाहत बसलं नाही.

१९७४ साली याच चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने बलात्काराच्या या खटल्यात ठाण्यातल्या दोन्ही आरोपी पोलिसांना निर्दोष सोडलं आणि मुलीला खोटारडी ठरवलं. पहिल्या रांगेतली वकील मंडळी हलली. (हशा) मी वकील नाही, मला फक्त वाचता येतं. नागपूर खंडपीठाने १९७६ साली एकाला पाच वर्षं आणि दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमेची खूण नाही, म्हणजे तिने प्रतिकार केला नाही, असा त्यातला तर्क.

हा निकाल वर्षभर पडून होता. मग उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी तो वाचला आणि सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. पोलीस ठाण्यात रात्री गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे त्यांनी निकालातल्याच ओळींवर बोट ठेवून दाखवलं. निकाल बदलला नाही. पण १९८० च्या ८ मार्चला बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असं स्त्रीने सांगितलं, तर न्यायालयाने संमती नव्हतीच असं धरून चालायचं.

मागून विचारताहेत, मुलीचं नाव का घेत नाही, ते तर सगळ्यांना माहीत आहे. माहीत आहे ना? मग माझ्या तोंडून कशाला हवं? पीडितेचं नाव छापणं त्याच १९८३ च्या दुरुस्तीने गुन्हा ठरवलं. जिच्यामुळे ते कलम आलं, तिच्याच नावाने आपण हा खटला ओळखतो. निकालपत्राच्या माथ्यावर मात्र एका पोलिसाचं नाव आहे. आणि कोणी मोबाइल घेऊन तिचं गाव शोधायला निघणार असेल, तर त्याने आजचं भाषण ऐकलं नाही असं मी समजेन. (टाळ्या)

दुसरी चिठ्ठी. सभागृह नऊला रिकामं करायचंय. पॉडकास्ट करणाऱ्यांबद्दल बोलायचं राहिलं, ते पुढच्या वर्षी, बोलावलंत तर. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, काहींचे मराठी अनुवादही आहेत. हा निकाल लांबलचक नाही, ते पत्रही नाही. पुढचा भाग लावण्याआधी दोन्ही वाचा.