‘मिदोन्स’ आणि ‘राया’

(कॅम्प, बेळगाव येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



बाराव्या शतकात दक्षिण फ्रान्समधले त्रुबादूर कवी आपल्या प्रियेला ‘मिदोन्स’ म्हणत. ऑक्सितान भाषेतल्या या शब्दाचा अर्थ ‘माझा धनी’. म्हणजे स्त्रीला चक्क पुल्लिंगी संबोधन! मांडलिकाने सरंजामदारापुढे गुडघे टेकावेत तसा हा प्रियकर तिच्यापुढे लीन होतो. बेर्नार द व्हेन्तादोर्नची गाणी हा याचा उत्तम नमुना. या रीतीला ‘दरबारी प्रेम’ हे नाव मात्र फार उशिरा, १८८३ मध्ये, गास्तों पारिस यांच्या लेखनातून रूढ झाले.

आता आपली लावणी घ्या. होनाजी, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या लावणीतली नायिका प्रियकराला ‘राया’ म्हणते. शब्द दरबारचाच, झुकणारे माणूस तेवढे बदलले. लेखणी दोन्हीकडे बहुधा पुरुषाच्याच हाती. त्यामुळे तिकडची स्वामिनी जेवढी कवीची कल्पना, तेवढीच आपली विरहिणीही. दुसऱ्या बाजीरावाने तिला आश्रय दिला यात नवल ते काय? ‘राया’ ऐकायला कोणत्या धन्याला आवडणार नाही!

फ्रान्समध्ये एक मोठा अपवाद आहे. दीआची काउंटेस स्वतः गीते रचत असे आणि आपली कदर न करणाऱ्या प्रियकराला त्यांतून जाब विचारत असे. स्त्री त्रुबादूरांच्या रचनांपैकी फक्त तिच्या एका गीताची चाल स्वरलिपीत टिकली आहे. एकच, पण टिकली.

आपल्याकडे लावण्यांच्या बाडांत शब्द आले, शाहिराची नाममुद्रा आली. गाणारी आली नाही. बैठकीची लावणी ज्यांनी ऐकली आहे त्यांना ठाऊक आहे, की बसल्या जागी तीच ओळ पुन्हा पुन्हा घेताना ती ‘राया’त कधी लाडीगोडी भरते, कधी टोमणा, कधी उघड धिक्कार. शाहिराने लिहिलेली शरणागती ती तिथल्या तिथे उलटवते. यमुनाबाई वाईकरांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण त्यांना ‘गायिका’ म्हणून गौरवले. माझ्या मते त्या अर्ध्या रचनेच्या कर्त्याही होत्या.

म्हणून अकादमीला एक विनंती आहे. लावणीचे पुढचे संपादन हाती घ्याल तेव्हा पाठभेदांच्या शेजारी ध्वनिमुद्रण असू द्या. आपल्या सीमाभागात कानडी लावणीही आहे. तिचा बाज वेगळा, पण तिच्या गाणाऱ्यांकडेही जावे. कोणी कोणता शब्द कसा घेतला आणि चाल कोणाकडून शिकली, हे नावानिशी नोंदवावे.