शंभर वर्षांची यात्रा

इ. स. १३०० च्या आरंभीं रोममध्यें सेंट पीटरच्या मंदिराकडे लोकांची एकच रीघ लागली. शतकाच्या ह्या वर्षीं येथें आल्यास पापें धुऊन जातात, असें जो तो म्हणूं लागला. पोप आठवा बोनिफेस ह्यानें जुनीं पुस्तकें धुंडाळविलीं. स्पष्ट आधार सांपडेना. तेव्हां १०७ वर्षांचा एक वृद्ध पुढें आला. शंभर वर्षांपूर्वीं आपला बाप ह्या यात्रेस आला होता व 'पुढचें शतक जगलास तर चुकूं नकोस' असें त्यानें बजावलें होतें, अशी त्यानें साक्ष दिली. ही हकीकत कार्डिनल स्टेफानेस्की ह्यानें लिहून ठेवली आहे. ग्रंथांनीं न दिलेला पुरावा म्हाताऱ्याच्या आठवणीनें दिला!

२२ फेब्रुवारीस आज्ञापत्र निघालें. पश्चात्तापपूर्वक पाप कबूल करून रोमकरांनीं ३० दिवस व बाहेरच्यांनीं १५ दिवस पीटर व पॉल ह्यांच्या मंदिरांचें दर्शन घ्यावें. सेंट पॉलच्या वेदीपाशीं दोन पुरोहित रात्रंदिवस दांताळ्यांनीं नाणीं ओढीत, असें एका यात्रेकरूनें लिहिलें आहे. पोपच्या लोभावर पुष्कळांनीं टीका केली. पण तीं बहुतेक गरिबांचीं किरकोळ नाणीं होतीं, हेंहि ध्यानांत घ्यावें.

मात्र आज्ञापत्रांत पुढची पाळी शंभर वर्षांनीं होती. म्हणजे बहुतेकांच्या नशिबीं ती नाहींच! रोमकरांच्या विनंतीवरून सहाव्या क्लेमेंटनें हें अंतर पन्नासांवर आणलें व १३५० त दुसरी यात्रा भरली. १४७० त दुसऱ्या पॉलनें तें पंचवीस केलें. आतां बापलेकांना बरोबर जातां येऊं लागलें. २०२५ चें पवित्र वर्ष त्याच हिशेबानें आलें.