कोरडवाहू मुलखाची भाकरी

श्रोतेहो, आमच्या सोलापूरकडे पाहुणा दारात आला की आधी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवतात आणि मग विचारतात, "भाकरी खाणार ना?" तुम्ही जेवणार का, असे कोणी विचारीत नाही. भाकरी म्हणजेच जेवण. या पाण्याचे आणि भाकरीचे नाते काय, याविषयी आज आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम माणसांची मोजदाद करू. १९६१ च्या शिरगणतीत महाराष्ट्राची लोकसंख्या ३ कोटी ९५ लक्ष होती. २०११ साली ती ११ कोटी २४ लक्ष भरली. पन्नास वर्षांत खाणारी तोंडे जवळजवळ तिप्पट झाली. पाऊस काही तिप्पट झाला नाही. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरीने साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही लहरी. कोकणात एवढा पाऊस एखाद्या जोरदार आठवड्यात पडून जातो.

मग एवढ्या माणसांना पोसावयाचे कसे? जास्त पिकवा, हे सोपे उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. इतिहासच पाहा ना. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे उपासाने मरत होती, आणि त्याच काळात हिंदुस्थानातून धान्य परदेशी जात होते. पुढे १८८० साली सरकारी दुष्काळ आयोगानेच म्हटले, की माणसे मरतात ती काम गेल्यामुळे. काम गेले की धान्य विकत घ्यावयाला पैसा राहत नाही.

१९७२-७३ च्या दुष्काळात हा धडा आपल्या उपयोगी पडला. पीक तर बुडालेच होते. पण सरकारने कामे काढली, आणि १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लक्ष माणसे त्या कामांवर होती. आमचे वडील तेव्हा सतरा वर्षांचे. तलावाच्या कामावर त्यांनी माती वाहिली. तिथे मिळणारी सुकडी आणि रेशनवरचा तांबडा मिलो यांच्या गोष्टी आम्ही लहानपणी पुष्कळ ऐकल्या. मिलोच्या भाकरीला चव नव्हती. पण तिने माणसे जगविली, असे ते म्हणत. त्याच सुमारास वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. हाताला काम हाच अन्नाचा पहिला आधार, हे महाराष्ट्राने कायद्याने मान्य केले.

आता दुसरा आधार पाहू. तो जमिनीत आहे. रब्बीची ज्वारी हे मोठे शहाणे पीक. हस्ताच्या पावसाची ओल काळ्या रानात मुरते, आणि त्या ओलीवर, थोड्या दवावर, ती माघ-फाल्गुनापर्यंत उभी राहते. माणसाला दाणा देते, गुराला कडबा देते. पूर्वी तिचे पीक चांगले आले, की दाणे पेवात भरून पुढच्या वाईट वर्षासाठी ठेवीत. मोहोळला निवडलेले मालदांडी ३५-१ हे वाण आजही शेतकऱ्याच्या तोंडी आहे. आणि तरीही ज्वारीचे क्षेत्र वर्षानुवर्षे घटत आले आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. भाषणे झाली, पाककृती छापून आल्या. रान मात्र उसाकडेच वळत राहिले. ऊस लागवडीच्या जमिनीचा लहानसा तुकडा व्यापतो आणि ओलिताच्या पाण्याचा मोठा वाटा पिऊन टाकतो. एक एकर उसाला जेवढे पाणी लागते, तेवढ्यात ज्वारीचे निदान पाच एकर निघतील.

हे मी वर्गात फार ठासून सांगत असे. पण आमच्याच रानात धाकटा भाऊ ऊस लावतो. एकदा त्याला बोललो, तर तो म्हणाला, "दादा, तुझा पगार महिन्याला येतो. ज्वारी काढायला माणूस मिळत नाही, पाखरं राखायला पोर मिळत नाही, आणि बाजारात भाव कोण देतंय? ऊस निदान कारखाना नेतो." मला उत्तर सुचले नाही. पुढे २०१८-१९ च्या टंचाईत आमच्या बोअरला पाणी होते, आणि शेजारच्या आबांच्या विहिरीचा तळ दिसत होता. आबा आमच्या दारी घागर घेऊन आले. त्यांना नाही कोण म्हणणार? आईने घागर भरून दिली. पण त्या रात्री भाऊही नीट जेवला नाही. जमिनीखालचे पाणी आपल्या बांधावर थांबत नाही. आपण उपसले ते त्यांचेही होते, हे आम्हां दोघांनाही कळले.

तेव्हा प्रश्न असा, की पाणी मोजावयाचे कशावर? एकरावर की माणसावर? याचे उत्तर पुरंदर तालुक्यातील नायगावने दिलेले आहे. १९७२ चा दुष्काळ पाहून विलासराव साळुंखे हे पुण्याचे इंजिनिअर तेथे गेले, आणि त्यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम साधा होता. पाणी माणशी अर्ध्या एकरापुरते, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. ऊस लावावयाचा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारही वेगळ्या वाटेने तेथेच पोहोचले. तेथे वर्षाच्या पावसाचा ताळेबंद मांडतात आणि मग कोणती पिके घ्यावयाची ते ठरवितात. शेतीसाठी बोअर पाडावयाला त्या गावाने बंदी केली.

हे सगळीकडे आपोआप होईल असे मी म्हणणार नाही. ज्वारीला खात्रीचा खरेदीदार मिळाल्यावाचून माझ्या भावासारखे शेतकरी ऊस सोडणार नाहीत, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार पगारदाराला नाही. पण खरेदीची हमी सरकारने द्यावयाची असली, तरी पाण्याचा हिशेब गावालाच मांडावा लागेल.

गेल्या रब्बीत आमच्या भावाने एक एकर ऊस मोडून मालदांडी पेरली. पाखरे राखावयाला सुट्टीच्या दिवशी मीच जात होतो. पहिल्या ज्वारीतली पायली आईने आबांकडे पाठविली. तुमच्या गावात, श्रोतेहो, पाण्याचा हिशेब कोण मांडतो, हे एकदा चावडीवर विचारून पाहा.