नक्कल करायलाही अक्कल लागते
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



मूल चित्र काढत बसले की वाशीम असो, कारंजा असो वा मंगरूळपीर, घराघरांतून एकच प्रश्न येतो : "याने पोट भरणार आहे का?" आणि ते दुसऱ्याचे चित्र पाहून काढीत असेल तर वर टोमणा, "ही तर नक्कल!" या दोन्हींबद्दल आज बोलावयाचे आहे.

नक्कल ही उस्तादांची जुनी रीत आहे. खुशखत शिकणारा शागीर्द उस्तादाच्या अक्षरांवर मश्क करतो. त्याला कोणी चोर म्हणत नाही. इ. स. १६०० च्या सुमारास अबुल हसन या तेरा वर्षांच्या मुलाने जर्मन चित्रकार ड्यूररच्या छापील चित्रातील एक मानवाकृती पाहून रेखाटली. हाच मुलगा पुढे जहांगीर बादशहाच्या दरबारात 'नादिर-उझ-झमान' ठरला.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी एक उत्तम धडा म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर (१८८२-१९६८) यांनी आपल्या कन्येला, गीताला, समोर उभे करून दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र रंगविले, तेही जलरंगात. त्याची छापील प्रत मिळवा आणि समोर ठेवा.

लगेच कुंचला उचलू नका. प्रथम डोळे किलकिले करून पाहा : सर्वांत उजळ काय, सर्वांत काळोखे काय? प्रतीवर आणि कागदावर सारखे चौकोन आखा. डोके एक माप धरून सारी आकृती मोजा. मग ध्यानात ठेवा, जलरंगात उजेड म्हणजे कागदाचा पांढरेपणा. ज्योतीची जागा कोरी राखा. आधी फिके हात द्या, ते वाळू द्या, मग गडद. घाई केली की रंग मळतो. ज्योतीआडचा तळहात पाहा. बोटांच्या फटींत उजेड लालसर झाला आहे. काळोख गडद झाला म्हणून दिवा उजळला, हे तुम्हांला तेथे कळेल.

एवढ्यावर थांबू नका. दुसऱ्या दिवशी चित्र झाकून तेच आठवणीने काढा, मग बाजारातील भाजीवालीचे काढा. शासकीय एलिमेंटरी परीक्षेतील स्मरणचित्राला हीच तयारी लागते.

आणि प्रतीखाली मूळ चित्रकाराचे नाव लिहा. हे चित्र कित्येकदा राजा रविवर्म्याच्या नावावर खपविले जाते, वास्तविक रविवर्मा १९०६ सालीच वारले! दुसऱ्याच्या मेहनतीवर आपली सही करणे, ती मात्र चोरी.

पालकहो, काही घरांत सजीवाचे चित्र काढण्यास हरकत असते. त्या भावनेचा मान राखावा. तेथे मुलाने सुरई, मशिदीची कमान, पावसाळ्यातले शेत रंगवावे. उजेड-सावलीचा धडा तोच. पण हातातील कुंचलाच काढून घेऊ नका. प्रत्येक मूल चित्रकार होणार नाही. तथापि जो डोळा नीट मोजावयास शिकला, तो विज्ञानाच्या आकृतीत, इमारतीच्या नकाशात, कापडावरील नक्षीत कामी येतो. पोट भरण्याचे मार्ग त्यातूनही निघतात.

एक रंगपेटी, चार कागद आणि आठवड्याचा एक तास, एवढेच मुलाला द्या. बाकीची मेहनत त्याला करू द्या.

खुदा हाफिज.