नऊ महिने दोघांचे

(आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई मला म्हणाल्या, "यंदा तुम्ही बोलायचेच." मी म्हटले, "मी सातवी शिकलेली बाई, मी काय भाषण करणार?" तर म्हणतात कशा, "दुपारी ओट्यावर बसून जे बोलता, तेच उभे राहून बोला." तेव्हा मी उभी राहिले आहे. माझ्या बोलण्यात विद्वत्ता सापडणार नाही. विषय मात्र असा घेतला आहे, की त्यात आपण सगळ्याच जाणत्या. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हाचे नऊ महिने!

बाळंतपण म्हणजे बायकांचा कारभार, पुरुषांनी त्यात डोकावायचे नाही, असे आपल्याकडे मानतात. आमच्या घरी मात्र डोकावण्यावाचून गत्यंतर नव्हते. २००४ सालच्या जानेवारीत मला दिवस गेल्याचे कळले, तेव्हा आम्ही दोघेच कराडात एका खोलीत राहत होतो. सासूबाई गावी, माझे माहेर पाटण तालुक्यातल्या डोंगरात. घरमालकीण काकू शेजारी होत्या, तेवढाच आधार. हे गॅरेजमध्ये मेकॅनिक. इंजिनाच्या पोटात काय बिघडले ते आवाजावरून सांगतील, पण बायकोच्या पोटातले त्यांना काय कळणार?

पहिली अडचण आली ती वासाची. ह्यांच्या कपड्यांना येणारा डिझेलचा वास मला एरवी कधी जाणवला नव्हता. आता हे गल्लीच्या तोंडाशी आले की इकडे मला मळमळायचे! मग ह्यांनी नेम केला. संध्याकाळी अंगणातल्या नळावर आंघोळ करायची, गॅरेजचे कपडे बाहेरच्या खुंटीवर टांगायचे आणि मग उंबरा ओलांडायचा. एके दिवशी काकूंच्या शेजारणीची शेळी सुटली आणि तिने खुंटीवरच्या सदऱ्याचा खिसा आतल्या दहा रुपयांच्या नोटेसकट फस्त केला. हे म्हणाले, "डोहाळे तुला लागलेत की तिला?" मी पोट धरून हसले. त्या महिन्यात ओकारीशिवाय पोट धरण्याचा तेवढाच प्रसंग.

पुढे डोहाळे खरोखरच लागले. आई करायची तशी हुलग्याची शेंगोळी खावीशी वाटली. मला तर फोडणीचा वास सोसत नव्हता. हे म्हणाले, "तू दारात बसून सांग, मी करतो." पीठ मळले आणि शेंगोळी वळली. मेकॅनिकचा हात तो, एकेक शेंगोळे वॉशरसारखे एका मापाचे! काकू बघायला आल्या आणि वाहवा करून गेल्या. पण पाण्याला आधण यायच्या आधीच ह्यांनी सगळी पातेल्यात सोडली. थोड्या वेळाने झाकण काढून बघतात तो शेंगोळ्यांचे पिठले झालेले. आम्ही ते भाकरीशी खाल्ले. चव वाईट नव्हती. दुसऱ्या खेपेस आधण खळखळू दिले, तेव्हा शेंगोळी शाबूत राहिली. तेव्हापासून आमच्या घरी शेंगोळी हेच करतात.

आणखी एक विचित्र ओढ होती, ती भाजलेल्या मातीची. चुलीची खपली दिसली की तोंडाला पाणी सुटायचे. तपासणीला गेले तेव्हा मी होऊन नर्सबाईंना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "बरे झाले बोललीस. अंगात रक्त कमी असले की असे होते." रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.६ निघाले. गरोदरपणी ते ११ तरी हवे. मला लोहाच्या दिवसाला दोन गोळ्या दिल्या. नर्सबाईंनी नीट समजावलेही, की चहाबरोबर गोळी घेऊ नकोस, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबाच्या पाण्याबरोबर घे. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घे. शौच काळी झाली तर घाबरू नकोस, ती गोळीमुळेच होते.

घरी आल्यावर ह्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयात रोजच्या तारखेखाली दोन रेघा मारायला सुरुवात केली. मी गोळी गिळल्याखेरीज रेघ नाही. मी म्हणायची, "अहो, मी काय शाळेतली पोर आहे?" तर हे म्हणायचे, "गिऱ्हाइकाच्या गाडीचे ऑइल बदलल्याची तारीख मी लिहून ठेवतो. तुझी नको ठेवू?" गोळ्यांनी पोट बांधले जायचे, जीव नकोसा व्हायचा, तरी त्या रेघांपायी एक दिवस चुकला नाही. दोन महिन्यांनी रक्त १०.४ वर आले, आणि मातीची ओढ कुठे गेली ते समजलेसुद्धा नाही.

मे महिन्यात, ४ तारखेच्या मध्यरात्रीनंतर खग्रास चंद्रग्रहण लागले. सासूबाईंचा दोन दिवस आधीच काकूंकडे फोन आला. ग्रहणात विळीला हात लावू नको, शिवू नको, खाऊपिऊ नको, नाही तर पोराचा ओठ फाटेल. मी विळी बाजूला ठेवली. रात्री दोन वाजता कोण भाजी चिरणार आहे? पण उकाडा फार, घसा कोरडा पडला, तेव्हा मी ह्यांच्याकडे पाणी मागितले. ह्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि तांब्या भरून दिला. मी प्याले. भगिनींनो, ओठ फाटण्याशी ग्रहणाचा काही संबंध नाही, असे डॉक्टर सांगतात. तसे मूल जन्मले तरी शस्त्रक्रियेने ते चांगले होते. थोरांचा मान आपण जरूर राखावा, पण गरोदर बाईला उपाशी-तहानेली ठेवून नव्हे.

जूनच्या आरंभी काकूंनी त्यांच्या ओसरीवर माझे डोहाळजेवण केले. हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, गल्लीतल्या साऱ्याजणी. दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या. मी उघडली तिच्यात बर्फी! एकजण हळूच म्हणाली, "मुलगीच दिसते." तिचा सूर मला लागला. हे दारात उभे होते. काही न बोलता आत आले, बर्फीचे ताट उचलले आणि सगळ्यांना वाटत सुटले. वाट्यांचा खेळ हा खेळच. यंत्रावर पाहून मुलगा की मुलगी हे विचारणे मात्र खेळ नव्हे. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि सांगणाराही गुन्हेगार आहे.

आता जिथे खरा प्रश्न पडला ते सांगते. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. डोहाळजेवण झाले आणि आबा मला न्यायला आले. मला तर आईची इतकी ओढ लागली होती, की पिशवी भरूनच ठेवली होती. पण माझी तारीख ऑगस्टची. माहेरच्या वाटेवर ओढा आहे, आणि पाटणच्या डोंगरात पाऊस कसा कोसळतो ते तुम्ही जाणता. ओढ्याला पाणी आले की दोन-दोन दिवस वाट बंद.

जेवणे झाली. ह्यांनी भीत भीत विचारले, "आबा, रात्री हिच्या पोटात दुखायला लागले आणि ओढा भरला असला तर?" जावयाने असे विचारणे म्हणजे सासऱ्याचा अपमानच की हो! मी मान खाली घातली. आबा किती तरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुम्ही विचारलेत ते बरे केले. आमच्या वाडीतल्या एका सुनेला आम्ही चौघांनी घोंगडीच्या झोळीतून न्यायला काढली होती. ओढ्याशी थांबलो. पाणी उतरेपर्यंत ती राहिली नाही. झोळीचा एक खांदा माझा होता." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, तू इथेच राहा. माहेर मी इकडे पाठवतो." आठ दिवसांनी आई आली, सोबत नाचणीचे पीठ, तूप आणि जुन्या लुगड्यांची दुपटी घेऊन.

आईच्या येण्याने हे निवांत होतील असे वाटले होते, पण ह्यांच्या डोक्यात वेगळेच. खोलीपासून दवाखाना किती लांब? चालत वीस मिनिटे, रिक्षाने सात. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या चाचांचा फोन नंबर ह्यांनी दारामागे खडूने लिहिला. तेवढ्यावर भागले नाही. चाचा रात्री उठतात की नाही, हे पाहायला एका रात्री अकरा वाजता जाऊन त्यांची कडी वाजवली. चाचा पाच मिनिटांत रिक्षा घेऊन दारात हजर! बरोबर भाभी आणि घोंगडी. मी तर आईशी पत्ते खेळत बसले होते. भाभींनी ह्यांना असे काही फैलावर घेतले, की सारी गल्ली जागी झाली. मग आईने सगळ्यांना चहा केला.

त्या रंगीत तालमीची थट्टा गल्लीत महिनाभर चालली होती. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ती थांबली.

झाले असे, की संध्याकाळी माझ्या पायातली जोडवी रुतू लागली. आई म्हणाली, "दिवस भरत आले की पाय सुजतातच." ते खरेच आहे, पाय थोडे सुजतात. हे साबण आणि दोरा घेऊन जोडवी काढायला बसले. काढता काढता ह्यांचे लक्ष माझ्या हाताकडे गेले, बांगड्याही रुतलेल्या. मग वर चेहऱ्याकडे पाहिले. "अगं, तुझे डोळे सुजलेत. डोके दुखतेय का?" डोके सकाळपासून दुखत होते. नर्सबाईंनी तपासणीच्या वेळी दोघांना बसवून सांगितले होते, की चेहरा-हात सुजले, डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तारखेची वाट पाहू नका. माझी तपासणी चार दिवसांवर होती. बाहेर पाऊस धो धो. आई म्हणाली, "सकाळी जाऊ." हे म्हणाले, "आई, इंजिन तापल्याचा काटा वर गेला की गाडी तिथेच थांबवायची असते," आणि छत्रीसुद्धा न घेता चाचांकडे धावले.

दवाखान्यात रक्तदाब निघाला १५० वर १००. गरोदरपणात तो १४० वर ९० झाला तरी जास्त. लघवीतूनही प्रथिने जात होती. डॉक्टरीणबाईंनी त्याच रात्री दाखल करून घेतले आणि औषध सुरू केले. अशात झटके येऊन आई आणि मूल दोन्ही जाऊ शकतात, हे त्यांनी ह्यांना बाहेर नेऊन सांगितले. ह्यांनी मला ते पुढे किती तरी महिन्यांनी सांगितले.

मी दोन आठवडे तिथेच होते. पुरुषांना वॉर्डात येऊ देत नसत. हे गॅरेज सुटले की पायरीवर बसून राहायचे, आणि मी खिडकीतून हात दाखवायची. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी कळा आणण्याचे औषध दिले, आणि मुलगी झाली. वजन दोन किलो तीनशे ग्रॅम, थोडी कमीच, पण आवाज खणखणीत. वाटीतली बर्फी खरी ठरली!

बारशाला सासूबाई आल्या, तर अंगणातल्या नळावर त्यांचा लेक दुपटी धूत बसलेला. त्या उंबऱ्यातच थबकल्या. मला वाटले, आता माझी धडगत नाही. त्या थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "साबण फार लावतोस. पोरीच्या कातडीला झोंबेल. दोनदा खळबळ." एवढेच.

भगिनींनो, आता सोयी पुष्कळ झाल्या आहेत. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, लागले तर पोट फाडून केलेलेसुद्धा, औषधे, जेवण आणि ने-आण फुकट आहे. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ नंबरवर गाडी येते. गरोदर बायांसाठी १०२ आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून तपासणी होते. लोहाच्या गोळ्या १८० दिवस मिळतात. पण गोळी डब्यात राहिली तर रक्त वाढत नाही, आणि जोडवी रुतलेली कुणी पाहिलीच नाही तर गाडी कोण बोलावणार?

म्हणून माझी दोन मागणी आहेत. ज्या सासवा झाल्या आहेत त्यांनी सुनेच्या तपासणीला लेकालाही धाडावे; नर्सबाई सांगतील ते त्याच्याही कानांवर पडू द्यावे. तो सुनेच्या आधीन झाला, असे म्हणू नये. आणि दुसरे आपल्या मंडळाकडे. प्रत्येक गल्लीतल्या एका भगिनीने वही ठेवावी. गल्लीत कुणाला दिवस गेले आहेत, तारीख कधीची, घरात कोण आहे, आणि रात्री कोणाची रिक्षा मिळेल. अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, बाळाची हालचाल कमी वाटली, चेहरा सुजला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर हिने उठून त्या घराची कडी वाजवावी. वहीला काही खर्च नाही. आमच्या गल्लीची वही मी आजपासून घालते आहे. आपापल्या गल्लीचे नाव ज्यांना द्यायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावे.