कलेला विद्यापीठाचे दार



विद्यापीठात कलाकेंद्र उभारायचे म्हटले की प्रथम चर्चा होते ती इमारतीची. बडोद्याचा इतिहास निराळेच सांगतो. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८८६ मध्ये तेथे गायनशाळा काढली आणि ती उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाती सोपविली. घराण्याच्या उंबरठ्याआडचे गाणे त्यांच्या स्वरलिपीमुळे वर्गात शिकविता येऊ लागले. १९४९ मध्ये महाराजांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. १९५० मध्ये त्यात ललितकला विद्याशाखा आली. चित्रकलेची धुरा नारायण श्रीधर बेंद्रे यांनी वाहिली, शिल्पकलेची शंखो चौधुरी यांनी. शिकविणारे स्वतः निर्मितीत मग्न होते, म्हणूनच ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख यांच्यासारखे विद्यार्थी घडले.

कला ही पदवीच्या योग्यतेची विद्या आहे, हे तेथे मान्य झाले. आपल्या घरात मात्र गाणारी मुलगी कौतुकाची असते. तेच शिक्षण तिने आयुष्यासाठी निवडले की चिंतेची होते. भिंती शासन बांधील, साधक विद्यापीठ नेमील. विद्यार्थी मात्र तुमच्याआमच्या घरांतूनच जायचे आहेत. तेवढे धैर्य आपण दाखविले नाही, तर उत्तमातले उत्तम केंद्रही ओस पडेल.